गोड्या पाण्यातील खेकडे : डिंभावस्था गेली, तिच्यासोबत काय काय गेले?

काठकरी

समुद्रातल्या निळ्या खेकड्याची मादी एका खेपेला वीस लाखांच्या आसपास अंडी घालते. त्यांतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म, काटेरी डिंभांचे, म्हणजे अळीरूप पिल्लांचे, खेकड्याशी काडीचेही साम्य नसते. ते प्रवाहाबरोबर वाहत जातात, वारंवार कात टाकतात आणि वाचलेच तर काही आठवड्यांनी खेकड्याचे रूप घेतात. ओढ्यातल्या खेकड्याचे बिऱ्हाड वेगळे असते. अंड्यावर आलेल्या मादीच्या पोटाखालची रुंद झडप हलकेच उचलून पाहिली, तर तिथे काही डझन, फार तर काहीशे अंडी चिकटलेली दिसतात; पण एकेक अंडे समुद्री खेकड्याच्या अंड्याच्या कितीतरी पट मोठे आणि बलकाने गच्च भरलेले असते. डिंभाच्या सगळ्या अवस्था त्या अंड्याच्या आतच उरकल्या जातात. अंडे फुटते तेव्हा आठ पाय आणि दोन नांग्या असलेला तयार खेकडाच बाहेर येतो आणि आणखी काही दिवस, काही जातींत काही आठवडे, आईच्या त्याच झडपेखाली राहतो.

हा धागा सुरू करण्यामागे माझे एक साधे म्हणणे आहे. गोड्या पाण्यातील खेकड्यांचे वैविध्य आणि त्यांच्यावरचे संकट हे दोन वेगळे विषय म्हणून मांडले जातात, पण दोन्हींचे मूळ या एकाच गोष्टीत आहे. वाहत्या ओढ्यात तरंगणारे डिंभ समुद्राकडे वाहून जातील, म्हणून डिंभावस्था अंड्यात कोंडली गेली आणि त्यामुळेच खेकड्यांना समुद्राशी असलेले नाते पूर्णपणे तोडता आले. त्याच वेळी दूर पसरण्याचे त्यांचे मुख्य साधनही गेले. पिल्लू आईच्या पोटाखालून उतरते ते त्याच ओढ्यात, बहुधा त्याच दगडांच्या आसपास. मधली एखादी कोरडी धार किंवा खोल दरी हजारो वर्षे ओलांडली गेली नाही, तर दोन्ही बाजूंच्या खेकड्यांच्या दोन जाती होतात. आज जगात गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या १,३०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, म्हणजे एकूण खेकड्यांपैकी साधारण एक पंचमांश. पृथ्वीवरील पाण्यात गोड्या पाण्याचा वाटा किती नगण्य आहे, हे ध्यानात घेतले तर हे प्रमाण थक्क करणारे आहे.

आता दुसरी बाजू. २००९ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीच्या निकषांवर जगातील १,२८० जातींचे पहिले सर्वंकष मूल्यमापन प्रसिद्ध झाले. त्यांपैकी २२७ जाती संकटाच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर किंवा संकटाच्या उंबरठ्यावर आढळल्या, आणि ६२८ जातींविषयी निर्णय करण्याइतकी माहितीच उपलब्ध नव्हती. निर्धास्त राहावे अशा जाती जेमतेम एक तृतीयांश निघाल्या. ज्या जातीचे सगळे जग एका डोंगराच्या दोन-तीन ओढ्यांत सामावलेले आहे, तिला नष्ट करायला मोठे अरिष्ट लागत नाही. एक रस्ता पुरतो.

जाणकारांनी भर घालावी. मतभेद असतील तर तेही मांडावेत.

शंकासुर

धागा आवडला, पण दोन शंका आहेत. नदीत राहणारा चिनी लोकरी नांग्यांचा खेकडा आपल्या मांडणीत कुठे बसतो? तो आयुष्याचा मोठा काळ गोड्या पाण्यात काढतो, तरीही त्याचे डिंभ समुद्रात वाढतात, असे वाचले आहे. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. या खेकड्यांना समुद्र ओलांडता येत नसेल, तर मुख्य भूमीपासून दूर असलेल्या बेटांवर ते पोहोचले कसे?

काठकरी

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. एरिओकीर सायनेन्सिस, म्हणजे आपण म्हणता तो खेकडा, प्रजननासाठी खाडीच्या मुखाकडे उतरतो. त्याच्या डिंभांना खारे पाणी लागतेच. त्यामुळे गोड्या पाण्यातील खऱ्या खेकड्यांत त्याची गणना होत नाही. डिंभावस्था शाबूत असण्याचा लाभ मात्र त्याच्या बाबतीत डोळ्यांत भरतो. १९१२ मध्ये जर्मनीतील आलर नदीत तो प्रथम सापडला आणि पुढे युरोपातील एकेक नदी त्याने व्यापली. ओढ्यातल्या खऱ्या खेकड्याला असा प्रसार स्वप्नातही शक्य नाही.

बेटांविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने लिहू शकतील असे सदस्य इथे आहेत.

पाणवठा

शंकासुर यांची दुसरी शंका रास्त आहे आणि तिच्यावर संशोधकांतही बराच काळ वाद होता. खंडांपासून तुटून निघालेल्या बेटांबाबत एक सोपे उत्तर असते : भूमी तुटली तेव्हा खेकडे तिच्यावर होतेच. पण गिनीच्या आखातातील साओ तोमे आणि प्रिन्सिपे ही बेटे ज्वालामुखीतून समुद्रतळावर उभी राहिली; ती आफ्रिकेला कधीच जोडलेली नव्हती. तरीही तिथे पोटॅमोनॉटिस या आफ्रिकी प्रजातीतील (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, आणि अशा प्रजातींचे मिळून कुल) खेकडे आहेत आणि तिथल्या जाती अन्यत्र कुठेही नाहीत. पुरात नद्यांतून झाडाझुडपांचे मोठे तराफे समुद्रात जातात. त्यांच्यावरून एखादी अंडीधारी मादी पलीकडे पोहोचली असावी, हेच स्पष्टीकरण उरते. गोड्या पाण्यातील काही खेकडे खाऱ्या पाण्यात काही काळ तग धरतात, हे प्रयोगांतही दिसले आहे. म्हणजे समुद्र ही अभेद्य भिंत नव्हे. मात्र असे पार होणे लाखो वर्षांत एखाद्या वेळी घडते, आणि पॅसिफिकमधल्या अतिदूरच्या बेटांवर खरे गोड्या पाण्यातील खेकडे नाहीत, ही वस्तुस्थितीही विसरू नये.

थोडे प्राचीनतेविषयी. म्यानमारमधील अंबरात अडकलेला क्रेटाप्सारा अथानाटा हा इवलासा खेकडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे वय सुमारे दहा कोटी वर्षे आहे आणि त्याचे कल्लेसुद्धा टिकून राहिले आहेत. अंबर म्हणजे झाडाची कठीण झालेली राळ, त्यामुळे हा प्राणी खुल्या समुद्रातला नसून गोड्या किंवा मचूळ पाण्याच्या आसपासचा असावा, असे मानले जाते. आजच्या कुलांशी त्याचे थेट नाते नाही. पण खेकड्यांनी समुद्र सोडण्याचे प्रयत्न डायनासोरांच्या काळापासून चालवले होते, एवढे त्यावरून म्हणता येते.

काठकरी यांच्या मांडणीला बळ देणारी एक गोष्ट त्यांनी लिहिली नाही, ती मी लिहितो. दक्षिण अमेरिकेतील ट्रायकोडॅक्टिलिडी कुलातील खेकडे बाकीच्या कुलांचे जवळचे नातलग नाहीत. ते समुद्रातून गोड्या पाण्यात स्वतंत्रपणे आले. तरीही त्यांच्यात डिंभावस्था अंड्यातच संपते. त्याच खंडाच्या दक्षिण भागातील एग्ला हे प्राणी तर खरे खेकडेही नव्हेत, शंखातल्या साधूखेकड्यांच्या गोतावळ्यातले. त्यांचाही मार्ग तोच. गोड्या पाण्यातील, नांग्या असलेल्या झिंग्यासारख्या क्रेफिशांचाही तोच. निरनिराळ्या वंशांनी एकाच अडचणीवर स्वतंत्रपणे एकच तोड काढली आहे, यावरून ती अडचण किती मूलभूत असावी हे दिसते.

क्षारपड

डिंभावस्थेवर इतका भर दिल्याने शरीरक्रियेकडे दुर्लक्ष होत आहे, असे मला वाटते. पिल्लांचा प्रश्न सुटला तरी प्रौढ खेकड्याला गोड्या पाण्यात जिवंत राहायचे असते, आणि ते मुळीच सोपे नाही. त्याच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या साधारण निम्मे असते, तर भोवतालच्या ओढ्यात क्षार जवळजवळ नसतातच. परिणामी पाणी सतत शरीरात शिरू पाहते आणि क्षार बाहेर झिरपू पाहतात. क्रेफिश अत्यंत पातळ मूत्र तयार करून जास्तीचे पाणी फेकून देतो. खेकड्याला ती कला साधलेली नाही. त्याचे मूत्र रक्ताइतकेच खारट असते, त्यामुळे प्रत्येक थेंबाबरोबर मीठ गमवावे लागते. त्यावर त्याने काढलेला उपाय असा की मुळात पाणीच फार कमी आत येऊ द्यायचे, मूत्र नाममात्र करायचे, आणि जे मीठ गेले ते मागच्या कल्ल्यांतील खास पेशींनी पाण्यातून शोषून घ्यायचे. कंजूष माणसाचा संसार चालावा तसा हा कारभार चालतो.

श्वसनाचेही तसेच. कवचाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पोकळ्या असतात. त्यांचे वरचे अस्तर रक्तवाहिन्यांनी समृद्ध होऊन फुप्फुसाचे काम करू लागले आहे. जबड्याजवळचे एक वल्ह्यासारखे उपांग सतत हलत राहून त्या पोकळीत कधी पाणी, कधी हवा खेळवते. पाण्याबाहेर निश्चल बसलेल्या खेकड्याच्या तोंडाशी बारीक फेस येतो, तो याच हालचालीचा. अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातील स्यूडोथेलफ्युसिडी कुलात हे फुप्फुस विलक्षण गुंतागुंतीचे झाले आहे, आणि त्या कुलातील अनेक जाती रात्री पाण्यापासून बऱ्याच दूर भटकतात.

कात टाकण्याचा प्रसंग सगळ्यांत अवघड. कवच कॅल्शियमचे आणि ओढ्याच्या पाण्यात कॅल्शियम तुटपुंजे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील ऑस्ट्रोथेलफ्युसा ट्रान्सव्हर्सा हा खेकडा कात टाकण्यापूर्वी जुन्या कवचातील कॅल्शियम काढून घेतो आणि सूक्ष्म कणांच्या रूपात चक्क रक्तात साठवतो. त्या काळात त्याचे रक्त दुधासारखे पांढरे दिसते. नंतर टाकलेली कातही खाऊन टाकण्याची रीत अनेक जातींत आहे. हाच प्राणी अवर्षणात मातीचे बीळ बंद करून दीर्घकाळ आत पडून राहतो. तेव्हा सगळे श्रेय अंड्याला देऊ नये.

काठकरी

मान्य आहे, आणि या माहितीबद्दल आभार. तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. क्षारांचा समतोल आणि हवेतील श्वसन एरिओकीरलाही बऱ्यापैकी जमते, तरी तो समुद्राच्या दाव्याला बांधलेलाच राहिला. नदीतल्या मोठ्या झिंग्याचेही तसेच : मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी गोड्या पाण्यात वाढतो, पण त्याच्या डिंभांना मचूळ पाणी लागते आणि म्हणून नदीवर धरण बांधले की वरच्या पट्ट्यातून तो हळूहळू संपतो. ओढ्यातल्या खेकड्याला त्या वाटेची गरज नाही. शरीरक्रियेने गोड्या पाण्यात राहता आले हे खरे; पण तिथे १,३०० जाती झाल्या त्या समुद्राशी असलेले बंधन तुटल्यामुळे.

कातळ

वैविध्याचे आकडे आले, पण ते वैविध्य दिसते कसे हे आले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

उष्ण आणि समशीतोष्ण प्रदेशांना हे खेकडे जवळजवळ वेढून आहेत. युरेशियातील पोटॅमिडी हे कुल सर्वांत मोठे असून त्यात ५०० हून अधिक जाती आहेत. देशवार पाहिले तर चीन सर्वांत पुढे आहे. दक्षिण आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत गेकार्सिनुसिडी, आफ्रिका व मादागास्करमध्ये पोटॅमोनॉटिडी, आणि अमेरिका खंडांत वर उल्लेख आलेली ट्रायकोडॅक्टिलिडी व स्यूडोथेलफ्युसिडी ही दोन कुले. मेक्सिकोच्या उत्तरेला मात्र स्थानिक असा खरा गोड्या पाण्यातील खेकडा नाही; तिथली जागा क्रेफिशांनी व्यापली आहे.

नकाशापेक्षा त्यांची राहण्याची ठिकाणे अधिक बोलकी आहेत. टांगानिका सरोवरात प्लॅटिथेलफ्युसा ही प्रजाती आहे, जी जगात अन्यत्र नाही. त्या सरोवरातील गोगलगाईंचे शंख गोड्या पाण्यातील गोगलगाईंच्या मानाने इतके जाड आणि नक्षीदार आहेत की पूर्वी त्यांना समुद्री अवशेष समजले जात असे. आज त्याचे अधिक पटणारे कारण पुढे आले आहे : प्लॅटिथेलफ्युसा आर्माटाच्या प्रचंड नांग्या शंख फोडतात, शंख जाड होत जातात, नांग्या आणखी बळकट होतात, आणि ही चढाओढ लाखो वर्षे चालते. बोर्निओ बेटावरील सारावाकमध्ये मुलूच्या गुहांत सर्बेरुसा हा खेकडा कायम अंधारात राहतो. लायबेरिया आणि गिनीच्या जंगलांत ग्लोबोनॉटिस मॅक्रोपस झाडांच्या ढोल्यांत साचलेल्या पाण्यावर गुजराण करतो. केरळमध्ये कानी आदिवासींना परिचित असलेला असाच एक ढोलीवासी खेकडा २०१७ मध्ये शास्त्राच्या दफ्तरात आला आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले, कानी मारंजंडू. पश्चिम घाटातील घाटियाना ही प्रजाती २०१४ मध्ये प्रथम वर्णिली गेली. तिचे भडक नारिंगी, जांभळे खेकडे कड्यांच्या भेगांत आणि जांभ्याच्या भोकांत राहतात. खेकडा म्हणजे वाहते पाणी, हे समीकरण यांपैकी अनेकांना लागू पडत नाही.

माझ्या मते या सगळ्यांत नवलाची आहे ती जमैकातील मेटोपॉलियास डिप्रेसस. हे खेकडे वर चर्चिलेल्या कुलांपैकी नाहीत. किनाऱ्यावरील खारफुटीत राहणाऱ्या सेसार्मिडी कुलाची एक शाखा बेटावर आत शिरली आणि गेल्या सुमारे ४० लाख वर्षांत तिच्यातून ओढे, गुहा आणि झाडे व्यापणाऱ्या अनेक जाती निर्माण झाल्या. मेटोपॉलियासची मादी ब्रोमेलियाड वनस्पतीच्या पानांच्या बेचक्यात साचलेल्या घोटभर पाण्यात पिल्ले वाढवते. ती त्या पाण्यातून कुजकी पाने बाहेर काढते, त्यामुळे प्राणवायू टिकतो. ती गोगलगाईंचे रिकामे शंख आणून पाण्यात टाकते, त्यामुळे आम्लता उतरते आणि पिल्लांना कॅल्शियम मिळते. चतुरांच्या नातलग टाचण्यांच्या अळ्या पिल्लांवर टपलेल्या असतात, त्यांना ती मारते. हिच्यात डिंभावस्था शिल्लक आहे, पण ती आखूड झालेली आहे. काठकरी सांगतात तो प्रवास इथे अर्ध्या वाटेवर दिसतो.

शंकासुर

वर्णन मनोहर आहे. पण एक ओढा ओलांडला की नवी जात, हे ऐकून मनात शंका येते. या सगळ्या जाती खरोखर वेगळ्या आहेत, की वर्णन करणाऱ्यांचा उत्साह वेगळा आहे?

कातळ

प्रश्न बोचरा आहे, पण योग्य आहे. रंगावर किंवा कवचाच्या आकारावर विसंबून जाती केल्या, तर आपण म्हणता ते घडू शकते, आणि जुन्या काळी काही अंशी घडलेही. एकाच जातीत वय, कात आणि पाण्याच्या गुणधर्मांप्रमाणे रंग बदलतो. म्हणून अभ्यासक नराच्या पोटाखालची अरुंद झडप उघडून तिच्याखालच्या पहिल्या जोडीच्या जननउपांगांकडे पाहतात. भिंगाखाली त्यांचे टोक कुठे वळते, किती निमुळते होते, शेवटचा सांधा मूळ खंडाच्या मानाने किती लांब आहे, यावर जात ठरते. कुल ठरवताना जबड्याचे बारीक स्पर्शकही पाहतात : पोटॅमिडीत त्याचे टोक एकसंध असते, गेकार्सिनुसिडीत दुभंगलेले. अलीकडे जनुकीय तुलनेची जोड मिळाली आहे. तिच्यामुळे काही नावे बाद झाली खरी, पण एकच समजली गेलेली जात दोन-तीन निघाल्याची उदाहरणेही आहेत.

जुन्या संग्रहांचे मोल इथे कळते. मेरी रॅथबन यांचे १९०४ ते १९०६ या काळातील फ्रेंच ग्रंथकार्य आणि आल्फ्रेड अल्कॉक यांची १९१० ची भारतीय संग्रहालयातील सूची यांशिवाय आजही काम पुढे जात नाही. काही जातींचे तर बाटलीतले एक-दोन नमुने एवढेच अस्तित्व उरले होते. सिएरा लिओनमधील अफ्रिथेलफ्युसा लिओनेन्सिस १९५५ नंतर आणि अफ्रिथेलफ्युसा अफ्झेलिआय १७९६ नंतर कोणालाही दिसला नव्हता. २०२१ मध्ये कॅमेरूनचे संशोधक पियर म्व्होगो न्दोंगो यांनी दोन्ही जिवंत शोधून काढले. हे खेकडे ओढ्यात नव्हे, तर पाण्यापासून दूर, जमिनीतल्या बिळांत राहतात. शोधणारे इतकी वर्षे ओढेच धुंडाळत राहिले असते, तर ते मिळालेच नसते.

पाणवठा

संवर्धनाकडे वळण्यापूर्वी एक अप्रिय बाजूही नोंदवावी, नाहीतर चर्चा एकतर्फी होईल. गोड्या पाण्यातील खेकडे रोगांच्या साखळीतही येतात. पॅरागोनिमस या फुप्फुसातील कृमीला आधी गोगलगाय आणि नंतर खेकडा किंवा क्रेफिश लागतो. नीट न शिजवलेल्या खेकड्यातून तो माणसात येतो. पूर्व आफ्रिकेत नदी-अंधत्व या दृष्टी घालवणाऱ्या रोगाचा प्रसार करणाऱ्या सिम्युलियम नीव्हाय या माशीच्या अळ्या ओढ्यात शोधून सापडत नव्हत्या. १९५० च्या सुमारास त्या खेकड्यांच्या अंगावर चिकटलेल्या सापडल्या. त्यानंतर केनियात डीडीटी या कीटकनाशकाने ओढ्यांवर उपचार करून या माशीचे निर्मूलन झाले. आजही युगांडात माशी खरोखर संपली की नाही, हे पाहण्यासाठी खेकडे पकडून त्यांच्या अंगावरील अळ्या तपासल्या जातात. आशियातील खेकड्यांच्या वर्गीकरणाला चालना मिळाली त्यात या कृमींचा वाटा मोठा आहे, हेही खरे.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहू. जंगलातील ओढ्यात पडणारा पालापाचोळा फाडून, चावून बारीक करणाऱ्या जिवांत खेकडा आकाराने सर्वांत मोठा असतो. टांझानियातील पूर्व उसांबाराच्या ओढ्यांत तळाशी राहणाऱ्या अपृष्ठवंशी प्राण्यांच्या एकूण वजनाचा बहुतांश वाटा एकट्या खेकड्यांचा भरला. पाणमांजरे, बगळे, घोरपडी, मुंगसे यांच्या आहारात खेकडे किती असतात, हे त्यांच्या विष्ठेतील कवचांच्या तुकड्यांवरून सहज दिसते.

ओलावा

संवर्धनावर लिहितो. माझे मत थोडे कडवट आहे.

सिंगापूरचे उदाहरण सर्वांत बोधक वाटते. जोहोरा सिंगापोरेन्सिस हा जेमतेम तीन सेंटिमीटर रुंदीचा खेकडा पीटर एन्ग यांनी १९८६ मध्ये वर्णिला. तो या एकाच शहर-राष्ट्रात, डोंगराळ भागातील मोजक्या ओढ्यांत सापडतो. त्याचा मूळ ओढा बुकित तिमाह या संरक्षित वनात आहे. तिथे झाड तोडायला बंदी, प्राणी पकडायला बंदी. तरीही तिथली संख्या घसरली. ओढ्याचे पाणी अधिक आम्लधर्मी होत गेले, हे त्यामागचे संभाव्य कारण मानले जाते. क्षारपड यांनी कॅल्शियमविषयी लिहिले आहे, ते इथे आठवावे. कुंपण घालून वन राखता येते, पण पाण्याची आम्लता कुंपणाला जुमानत नाही. २०१२ मध्ये जगातील १०० सर्वाधिक संकटग्रस्त जातींच्या यादीत या खेकड्याचा समावेश झाला. त्यानंतर तिथल्या उद्यान विभागाने, विद्यापीठाने आणि प्राणिसंग्रहालयाने मिळून कृती आराखडा केला, बंदिवासात प्रजनन साधले आणि वाढवलेले खेकडे ओढ्यात सोडले.

हे काम कौतुकास्पद आहे. पण हे एका श्रीमंत शहराने एका जातीसाठी केले. श्रीलंकेत पन्नासच्या आसपास जाती असून त्या जवळजवळ सर्वच प्रदेशनिष्ठ, म्हणजे अन्यत्र न सापडणाऱ्या, आहेत आणि २००९ च्या मूल्यमापनात त्यांतील सुमारे चार पंचमांश धोक्यात असल्याचे आढळले. त्यांतील बऱ्याच जाती नैर्ऋत्येकडील ओल्या जंगलाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांत राहतात. प्रत्येकीसाठी टाक्या उभारणार कोण? त्याच मूल्यमापनात सर्वाधिक धोका अर्धस्थलवासी जातींना असल्याचे दिसले, म्हणजे जंगलाचा ओलावा, सावली आणि पाचोळा यांवर ज्यांचे जगणे अवलंबून आहे त्यांना. त्यांच्या बाबतीत ओढा वाचवून भागत नाही, वरची झाडे वाचवावी लागतात.

क्षारपड

ओलावा यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण बंदिवासातील प्रजननाला कमी लेखू नये. इथे डिंभावस्था नसणे आपल्या पथ्यावर पडते. समुद्री खेकड्यांचे डिंभ टाकीत वाढवणे हे जिकिरीचे काम असते. प्रत्येक अवस्थेला वेगळे सूक्ष्म खाद्य लागते आणि मरतूक प्रचंड होते. ओढ्यातल्या खेकड्याचे पिल्लू पहिल्या दिवसापासून तेच खाते जे त्याची आई खाते. अडचण निराळीच आहे : वर्षाकाठी पिल्ले थोडी, वाढ मंद, आणि एकाच माद्यांची संतती सोडत राहिले तर वंशातील वैविध्य आटते. मूळ ओढा सुधारेपर्यंत वेळ काढण्याचे साधन म्हणून त्याला अर्थ आहे. तेवढ्यापुरताच.

एक धोका अजून कोणी लिहिला नाही, तो परक्या क्रेफिशांचा. लुईझियानाचा लाल क्रेफिश मानवाने युरोप आणि आफ्रिकेत नेला. तो लवकर वयात येतो, पिल्ले भरपूर देतो आणि निवारा व अन्न या दोन्ही बाबतींत स्थानिक खेकड्यांवर कुरघोडी करतो. केनियात नैवाशा सरोवराच्या परिसरात स्थानिक पोटॅमोनॉटिसच्या वाट्याला हेच आले.

शंकासुर

मग ज्या सहाशेहून अधिक जातींविषयी माहितीच नाही, त्यांचे काय करायचे? त्यांना धोक्यातल्या धरायचे, की धोक्याबाहेरच्या?

काठकरी

'माहिती अपुरी' हा शेरा निर्धोक असल्याचा दाखला नव्हे, एवढे निश्चित. पण सगळ्यांना सरसकट धोक्यात धरले, तर ज्यांना आज मदत हवी त्या जाती गर्दीत हरवतील. माझ्या मते क्रम असा असावा : ज्या जातीचे मूळ ठिकाण ठाऊक आहे आणि ते जंगल आज तुटले आहे, तिचा शोध आधी. ज्यांचे मूळ ठिकाण अजून शाबूत आहे, त्यांच्यासाठी त्या पाणलोटाला जपणे पुरेसे ठरू शकते, खेकडा पुन्हा सापडो न सापडो. सिएरा लिओनच्या शोधाने आणखी एक गोष्ट दाखवली : स्थानिक रहिवाशांना विचारले, तर दोनशे वर्षांचे अंतर एका मोहिमेत भरून निघू शकते. अशा मोहिमांना लागणारा खर्च टाक्या आणि पंप यांच्या तुलनेत किरकोळ असतो, तरी निधी मिळतो तो टाक्यांना. कारण टाकीचे छायाचित्र काढता येते.

कातळ

छायाचित्रांचा विषय निघालाच आहे म्हणून या धाग्यापुरती एक विनंती. जिओसेसार्मा प्रजातीतील जावा बेटावरचे दोन रंगीत खेकडे, डेनर्ले आणि हागेन, २०१५ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या वर्णिले गेले. पण हौशी मत्स्यालयांच्या बाजारात ते त्याआधी कित्येक वर्षे विकले जात होते आणि विक्रेते त्यांचे मूळ ठिकाण चुकीचे सांगत होते. घाटियानासारख्या भडक रंगाच्या जातींवरही तीच वेळ येऊ शकते. तेव्हा इथे कोणी छायाचित्र दिले, तर ओढ्याचे किंवा कड्याचे नाव देऊ नये, छायाचित्रातील स्थानाची नोंद काढून टाकावी, आणि अचूक ठिकाण हवे असलेल्या अभ्यासकाने ते व्यक्तिगत संदेशाने मागावे. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवावा, कारण त्याखालची ओल संपली की तिथला खेकडा दुसरीकडे जाईल अशी खात्री नसते. मादी पिल्लांसह सापडली, तर झडप उचलून पाहण्याचा मोह टाळावा. दचकलेली मादी पिल्ले टाकून पळते.

काठकरी

कातळ यांची विनंती धाग्याच्या सुरुवातीला जोडतो. झडपेविषयीची सूचना माझ्या पहिल्या परिच्छेदालाही लागू आहे, तिथे तशी टीप घालतो. क्षारपड, आम्लधर्मी पाण्यात कल्ल्यांची क्षार शोषण्याची क्षमता किती घटते यावर वेगळा धागा काढलात तर तिथे सिंगापूरच्या उदाहरणावर सविस्तर बोलता येईल.